आशाताई व्हायचंय, पण जमेल का?

प्रश्न : मी दहावी पास, वय ३१. गावात आशाताईची जागा निघाली आहे. दवाखान्यातलं मला काहीच येत नाही. प्रशिक्षणात निभाव लागेल?

उत्तर : ताई, नक्की लागेल. सुई टोचणं हे आशाचं काम नाही, ते सिस्टर करतात. प्रशिक्षणही टप्प्याटप्प्यानं होतं. पुढे आशांसाठीच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकेचं प्रशिक्षण येतं, तिथे मात्र जीव ओतून शिका. बाळाचं वजन, ताप, पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं, सगळं हातानं करून पाहायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, की पुन्हा मोजा. पुन्हा ६० किंवा जास्त आले तर लगेच दवाखाना. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट ठरलेली.

जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्यानं तर निरक्षर बायकांनाही गावातलं आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांच्या हाती नवजात बाळं सोपवली, आणि ती वाचली.

मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो आणि अपरात्री बाळंतिणीबरोबर निघावं लागतं. अर्ज भरण्याआधी घरी हे मोकळेपणानं बोलून घ्या.