शनिवार तेली



"तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सोयरिकीच्या बैठकीत, बसस्टँडवर, कोणीतरी तो विचारतोच. मराठी बोलणाऱ्या ज्यूंनाही तो विचारला गेला आणि तोही त्यांच्याच धर्मबांधवांकडून.

हे लोक म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा. केहीमकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून पडलेली. धंदा तेलाच्या घाण्याचा. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू भाषा विसरली, धर्मग्रंथही जवळ राहिला नाही. तरी आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना, एवढे त्यांनी शतकानुशतके सोडले नाही.

ते आले कोठून? कोणी म्हणे इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांतले, कोणी म्हणे येमेनहून, कोणी इराणातून. असाच वाद दूरच्या खजार लोकांविषयी आहे. कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील त्यांच्या राजाने यहुदी धर्म स्वीकारला, असे दहाव्या शतकातील पत्रांत आहे. तर २०१३ साली इतिहासकार शाऊल स्टॅम्फर यांनी असे काही घडलेच नाही, असे मांडले. खजार आता राहिले नाहीत, त्यामुळे तो वाद पंडितांपुरता. आपल्या कोकण्यांचे तसे नव्हते. १९४८ नंतर हजारो जण इस्राएलला गेले आणि १९६२ साली तेथील मुख्य धर्मगुरूंनी फर्मावले की, बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, त्यामागची पिढी तपासावी. वंशावळीचे कागद कोकणातून कोण आणणार? लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. १९६४ साली संसदेने त्यांची बाजू घेतली आणि त्या आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले.

२०१६ च्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू व भारतीय अशी दोन्ही रक्ते आढळली. आता मत्तयलिखित शुभवर्तमानातील पहिली वंशावळ काढून पाहा. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे परक्या लोकांतली. तिचेच पुस्तक ज्यू लोक पन्नासाव्या दिवसाच्या सणाला वाचतात.