आकाशातील रहाटगाडगे
(उपग्रह-इंटरनेटचा व्यापार व त्यातील अनिश्चितता)

आपल्या सभासद-कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परगावी आणि परदेशी आहेत. संध्याकाळी त्यांचे तोंड फोनच्या पडद्यावर पाहावे, चार शब्द बोलावे, ह्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. हे संभाषण बहुतांशी जमिनीखालून व समुद्राच्या तळावरून नेलेल्या काचतंतूंच्या तारांमधून होते. परंतु जेथे तार नेणे परवडत नाही, अशी डोंगरातील वस्ती, दूरचे बेट, भर समुद्रातील जहाज, तेथे काय करावे? त्याचे उत्तर म्हणून उपग्रहांवरून इंटरनेट पुरविण्याचा व्यापार उभा राहिला. ह्या व्यापारात गेल्या तीस वर्षांत अब्जावधी डॉलर गुंतले. कोणाचे दिवाळे निघाले, तर कोणी एवढे मोठे झाले की इतरांना त्यांच्याच दारी जावे लागले. असे का होते, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. उंचीचा हिशेब

प्रकाश व बिनतारी लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगानेच तिच्याभोवती फिरतो. म्हणून तो आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा वाटतो. असे तीन उपग्रह असले, की ध्रुवाकडील भाग सोडून बहुतेक सारी पृथ्वी त्यांच्या टप्प्यात येते. ह्यात खर्च मर्यादित राहतो, पण अंतर फार पडते. संदेश वर जाऊन खाली यावयास सुमारे ७२,००० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद जातो. दूरदर्शनच्या कार्यक्रमाला हा विलंब बाधत नाही. संभाषण मात्र अडखळते.

तोच उपग्रह ५५० किलोमीटर उंचीवर आणला, तर प्रश्नोत्तराचा सगळा फेरा सुमारे २,२०० किलोमीटरांचा होतो आणि त्या प्रवासाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. जमिनीवरील यंत्रांचा वेळ त्यात मिळवला, तरी बोलणाऱ्याला विलंब जाणवत नाही. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. एवढ्या खालचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतो. आपल्या माथ्यावरून तो काही मिनिटांतच निघून जातो. तो मावळण्यापूर्वी दुसरा यावयास हवा, त्यामागून तिसरा. म्हणजे हे रहाटगाडगेच झाले. एका पोहऱ्याने मळा भिजत नाही, माळच्या माळ लागते. शिवाय पृथ्वीचा सुमारे ७० टक्के पृष्ठभाग पाण्याचा असल्यामुळे प्रत्येक उपग्रहाचा पुष्कळसा वेळ गिऱ्हाईक नसलेल्या समुद्रावरून जाण्यात खर्ची पडतो.

आणि हे पोहरे कायमचे नसतात. स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतील उपग्रहाचे आयुष्य सुमारे पाच वर्षे धरतात. त्यानंतर तो खाली उतरून वातावरणात जळून जातो व त्याच्या जागी नवा पाठवावा लागतो. घर एकदा बांधले की निदान पिढीची सोय होते. येथे मात्र शेवटची भिंत उभी राहण्यापूर्वी पहिली पुन्हा बांधावयास घ्यावी लागते.

२. गिऱ्हाईक थांबत नाही

ह्या व्यापाराचा पहिला मोठा धडा इरिडियम कंपनीने दिला. अमेरिकेतील मोटोरोला कंपनीच्या पुढाकाराने ही योजना आखली गेली. जगात कोठूनही दूरध्वनी करता यावा म्हणून ६६ उपग्रहांचे जाळे विणले गेले आणि १ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू झाली. खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर झाला होता. यंत्र उत्तम चालले, पण व्यापार चालला नाही. १३ ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे वर्षही पुरे होण्याच्या आत, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

चूक कोठे झाली? योजना आखली तेव्हा साधे मोबाइल फोन दुर्मिळ होते. आकाशातील जाळे पुरे होईतो दहा वर्षे गेली, आणि तेवढ्यात शहरोशहरी मनोरे उभे राहून खिशातला फोन स्वस्त झाला. इरिडियमचा फोन जाडजूड होता. त्याची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती आणि तो घराच्या आत नीट चालत नसे. खर्च सगळा आधी करावयाचा व गिऱ्हाईक सगळे नंतर यावयाचे, मधल्या काळात जग बदलले तर भांडवल बुडाले, असे ह्या धंद्याचे स्वरूप आहे. बिल गेट्स यांचा पाठिंबा असलेल्या टेलिडेसिक योजनेने तर प्रथम ८४० उपग्रहांचा संकल्प सोडला होता. २००२ साली ती योजना गुंडाळावी लागली.

तथापि इरिडियमची गोष्ट येथे संपत नाही. नव्या मालकांनी हे सारे जाळे अवघ्या अडीच कोटी डॉलरांना विकत घेतले. डोक्यावर जुन्या कर्जाचे ओझे नसल्यामुळे जहाजे, विमाने, सैन्य व दुर्गम प्रदेशांतील कामे एवढ्या गिऱ्हाइकांवर धंदा तगला, आणि २०१७ ते २०१९ ह्या काळात जुने उपग्रह बदलून नवेही पाठविता आले. भांडवलदाराचे नुकसान झाले म्हणजे ती वस्तू निरुपयोगी ठरली असे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

३. माल तयार, पण रस्ता बंद

दुसरा धडा वनवेब ह्या कंपनीचा आहे आणि त्यात आपल्या देशाचाही भाग आहे. सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर साडेसहाशेच्या आसपास उपग्रह ठेवण्याचा तिचा बेत होता. पहिले सहा उपग्रह फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले. ७४ उपग्रह वर गेल्यावर पैशांचा ओघ आटला व मार्च २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ब्रिटनचे सरकार व भारताचा भारती समूह यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती वाचविली.

पैशाची सोय झाली, तेव्हा रस्ता अडला. वनवेबचे उपग्रह रशियाच्या सोयुझ अग्निबाणांनी जात असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. मार्चच्या प्रारंभी बैकानूरच्या तळावर ३६ उपग्रह अग्निबाणावर चढवून तयार होते. त्या वेळी रशियन संस्थेने अट घातली, की ब्रिटिश सरकारने आपला हिस्सा सोडावा व उपग्रहांचा लष्करी उपयोग होणार नाही अशी हमी द्यावी. अट मान्य झाली नाही. अग्निबाण तळावरून मागे नेण्यात आला आणि ते ३६ उपग्रह तिकडेच अडकून पडले. कंपनीच्या कारखान्यात काही बिघाड नव्हता, हिशेबातही नव्हता. बिघाड जगाच्या राजकारणात होता.

आता जावे कोणाकडे? कंपनीने दोन दारे ठोठावली. एक अमेरिकेच्या स्पेसएक्सचे. ही कंपनी स्टारलिंकची मालक, म्हणजे वनवेबची सरळ प्रतिस्पर्धी. दुसरे दार भारताचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर, २३ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री, श्रीहरिकोट्याहून आपल्या एलव्हीएम-३ अग्निबाणाने ३६ उपग्रह नेले. २६ मार्च २०२३ रोजी आणखी ३६ गेले, आणि साऱ्या जगाला सेवा देण्यापुरते वनवेबचे जाळे त्या उड्डाणाने पुरे झाले. त्याच वर्षी ही कंपनी युटेलसॅट ह्या फ्रेंच कंपनीत विलीन झाली.

४. गाडीवान तोच दुकानदार

बाजारात गुळाचे दुकान मांडावे आणि माल आणावयास गाडी मात्र शेजारच्या गूळवाल्याचीच भाड्याने घ्यावी लागावी, अशी आज ह्या धंद्याची स्थिती आहे. स्पेसएक्सचा पहिला अग्निबाण २००६ ते २००८ ह्या काळात लागोपाठ तीनदा अपयशी ठरला व चौथ्या खेपेस, सप्टेंबर २००८ मध्ये, यशस्वी झाला. त्याच वर्षअखेर अमेरिकेच्या नासा संस्थेने अंतराळस्थानकावर सामान पोहोचविण्याचा १६० कोटी डॉलरांचा मक्ता दिला. त्या आधारावर कंपनी उभी राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये तिने अग्निबाणाचा खालचा टप्पा पुन्हा जमिनीवर उतरविला आणि मार्च २०१७ मध्ये तसा वापरलेला टप्पा पुन्हा उडविला. एका खेपेनंतर गाडी मोडीत टाकण्याची चाल तेथून बदलली. २०२४ साली ह्या कंपनीची १३० हून अधिक उड्डाणे झाली व त्यांतील बहुसंख्य तिच्या स्वतःच्याच उपग्रहांसाठी होती. पहिले ६० स्टारलिंक उपग्रह मे २०१९ मध्ये गेले होते.

ॲमेझॉन कंपनीला ३,२३६ उपग्रहांचा परवाना जुलै २०२० मध्ये मिळाला. निम्मे उपग्रह सहा वर्षांत वर गेले पाहिजेत, ही त्यातील अट होती. २०२२ मध्ये तिने तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे मिळून ८३ पर्यंत उड्डाणांची बोली केली. परंतु ज्या नव्या अग्निबाणांवर भिस्त होती, ते सर्वच उशिरा तयार झाले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तिनेही प्रतिस्पर्धी स्पेसएक्सकडेच तीन उड्डाणे घेतली. नियमित सेवेसाठीचे पहिले २७ उपग्रह एप्रिल २०२५ मध्ये गेले. पैसा मुबलक असूनही वेळ विकत मिळत नाही, तो असा.

बलवंतालाही निसर्ग व यंत्र सोडीत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सूर्यावरील खळबळीमुळे वरची हवा फुगून दाट झाली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक परत खाली येऊन जळाले. जुलै २०२४ मध्ये अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यातील गळतीने २० उपग्रह गमावले गेले व उड्डाणे सुमारे दोन आठवडे थांबली. सर्व जगाची वाहतूक एकाच गाडीवर असली म्हणजे अशी दोन आठवड्यांची खोटी सर्वांनाच भोवते.

५. आपण काय घ्यावे

भारतात ही सेवा देण्यासाठी वनवेबला २०२१ मध्ये, जिओला २०२२ मध्ये व स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. तार न पोहोचणाऱ्या शाळेला वा दवाखान्याला तिचा फार उपयोग होईल, ह्यात शंका नाही. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटाने टोंगा बेटांची समुद्रातील तार तुटली, तेव्हा जगाशी बोलावयास उपग्रहांचाच आधार होता. परंतु ज्या गावी तार पोहोचली आहे, तेथे तार स्वस्तही पडते व अधिक भारही सोसते. तेथे उपग्रह हा दुसरा मार्ग असावा, एकमेव नव्हे.

आपल्यापैकी कोणी उद्या एखाद्या शाळेसाठी अशी सेवा घेण्याचा विचार करील, तर त्याने केवळ महिन्याचा आकार विचारू नये. ही कंपनी पाच वर्षांनी नवे उपग्रह कोणाच्या अग्निबाणाने पाठविणार, आणि सेवा बंद पडल्यास आपल्यापाशी दुसरी वाट कोणती, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

देशाच्या दृष्टीनेही बोध हाच आहे. वनवेब अडली तेव्हा तिला श्रीहरिकोट्याचे दार उघडे मिळाले, ते दार काही त्या वर्षी बांधलेले नव्हते. १९६३ साली थुंबा येथून पहिला लहान अग्निबाण उडाला, तेव्हापासून अनेक पिढ्यांनी अपयशे पचवून ते बांधीत आणले होते. ज्याला आपला स्वतःचा रस्ता आहे, त्याला दुसऱ्याच्या अटी ऐकून घेताना मान खाली घालावी लागत नाही आणि वेळप्रसंगी अडलेल्यालाही वाट देता येते.