टँकरचं पाणी आणि बाळाचे जुलाब

प्रश्न : आम्ही घनसावंगी तालुक्यात राहतो. उन्हाळ्यात टँकर येतो. दीड वर्षाच्या मुलीला दरवर्षी जुलाब होतात. सासूबाई म्हणतात, दूध-जेवण बंद ठेव. काय करू?

उत्तर : ताई, काहीही बंद करू नका. जुलाबात बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने; उपाशी ठेवल्याने ते आणखी खंगतं. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवा. गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी असं कधीच नको. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच साध्या द्रावणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. ओआरएससोबत झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस. जुलाब थांबले तरीही. गोळ्यांसाठी गावच्या आशाताईंकडे (आरोग्य कार्यकर्तीकडे) विचारा.

डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. टँकरचं पाणी उकळूनच पाजा, आणि हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने काढा.