मायक्रोफोनचा विलंब : कारणे व निवारण

२०२० साली शाळा बंद राहिल्या तेव्हा प्राथमिक शिक्षकांनी संगणकावर पाठ मुद्रित करण्यास मोठ्या प्रमाणावर आरंभ केला. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही ह्या पाठांचे प्रयोजन संपलेले नाही. दीर्घ आजारात घरी असलेल्या मुलास, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलास असा पाठ वर्गाच्या जवळ ठेवतो. परंतु पाठ मुद्रित करताना एक विचित्र अडचण पुष्कळदा उद्भवते. वर्गात जी कविता शिक्षिका सहज म्हणते, तीच मायक्रोफोनपुढे बसून हेडफोन कानास लावून म्हणू लागताच तिची जीभ अडखळते. शब्द लांबतात, अक्षरांची पुनरुक्ती होते, चाल मंदावते. दोन-तीन वेळा असे झाले की हा दोष आपल्या वाणीचा आहे असे तिला वाटू लागते, आणि मुद्रणाचे काम दुसऱ्या कोणावर सोपविले जाते.

दोष वाणीचा नव्हे. हेडफोनमधून तिचा स्वतःचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत असतो. स्वतःचे बोलणे उशिरा कानी पडल्यास चांगला वक्ताही तोतरा बोलू लागतो, हे बर्नार्ड ली ह्या अमेरिकन संशोधकाने १९५० साली प्रसिद्ध केले. प्रौढ माणसाच्या बाबतीत हा उशीर सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतका असताना अडखळणे सर्वांत अधिक होते. तेवढ्या उशिराची कल्पना मुलांस मैदानावर देता येईल. हवेत ध्वनी दर सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. शाळेच्या मोठ्या भिंतीपासून ३४ मीटरांवर उभे राहून टाळी वाजविल्यास तिचा प्रतिध्वनी जाऊन येऊन जवळजवळ २०० मिलिसेकंदांनी परततो.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो न केल्याने उपाय उलटा पडतो. बोलणाराला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे हा एक विलंब. आणि पाहणाराला ओठांची हालचाल व आवाज मागेपुढे जाणवणे हा दुसरा. पहिला कमी करावा लागतो किंवा टाळावा लागतो. दुसरा मोजून जुळवून घेतला म्हणजे पुरे, मग तो लहान असो वा मोठा. थेट प्रक्षेपणात शिक्षकाचे शब्द दूरच्या मुलापर्यंत काही सेकंदांनी पोहोचतात, तो आणखी निराळा प्रकार आहे. तो महाजालावरील वाटचालीचा असून मायक्रोफोनशी त्याचा संबंध नाही, आणि एकतर्फी पाठात त्याने काही बिघडतही नाही.

पहिला विलंब कोठे उत्पन्न होतो? संगणक आवाजाची दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० मापे घेतो. प्रत्येक माप निघताच पुढे धाडणे त्यास परवडत नाही. ठरावीक संख्येने मापे साठली की तो ती एकदम उचलतो. ह्या साठ्यास बफर म्हणतात. विहिरीवरून पाणी आणणारा गडी मोठा हंडा भरून आणू लागला तर खेपा थोड्या होतात, पण रांजणापाशी उभा असलेला तहानेला ताटकळतो. तोच तांब्याने आणू लागला तर पाणी लगेच मिळते. मात्र गड्यास सारखे धावावे लागते, आणि एखादी खेप चुकली की धार तुटते. संगणकात धार तुटली म्हणजे आवाजात चटचट असा खरखराट येतो किंवा मध्येच शब्द गळतो.

गणित सोपे आहे. सातवीच्या मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे. ४८,००० मापांस एक सेकंद, तर ५१२ मापांस सुमारे १०.७ मिलिसेकंद. हा साठा आवाज आत येताना एकदा व बाहेर जाताना पुन्हा भरतो, म्हणून जाण्यायेण्याचा विलंब किमान २१ मिलिसेकंद होतो. बफर १२८ मापांचा केल्यास तोच सुमारे ५.३ वर येतो. ध्वनी एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, तेव्हा ५.३ मिलिसेकंद म्हणजे दोन मीटरांहून किंचित कमी अंतरावरून आलेला आवाज. इतक्याने बोलणे अडखळत नाही. म्हणून बफर एकेक पायरी कमी करीत जावे, खरखराट सुरू झाला की एक पायरी मागे यावे, आणि मुद्रणाच्या वेळी इतर कार्यक्रम बंद ठेवावेत.

तथापि केवळ बफरावर सारे अवलंबून नसते. विंडोज प्रणालीत आवाज नेणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत. एमएमई ही जुनी वाट सावकाश चालते. वासापी ही त्या मानाने जलद आहे. स्टाइनबर्ग ह्या जर्मन कंपनीने १९९७ साली काढलेली असिओ ही पद्धत विशेषकरून कमी विलंबासाठीच आहे. मुद्रणाच्या कार्यक्रमात कोणती वाट निवडली आहे ते पाहण्यास अर्धा मिनिट लागतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

ब्लूटूथचे बिनतारी हेडफोन मात्र मुद्रणाच्या वेळी दूर ठेवावेत. त्यांच्या योगे शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा विलंब सहज पडतो, म्हणजे नेमका जीभ अडखळविणारा. शिवाय त्यांचाच मायक्रोफोन वापरल्यास आवाजाचा दर्जाही बहुधा उतरतो. स्वस्तातला तारेचा हेडफोन येथे महागड्या बिनतारी हेडफोनाहून सरस ठरतो.

सर्वांत सोपा उपाय शेवटी सांगावयाचा तो असा, की पाठ एकट्याने बोलावयाचा असेल तर स्वतःचा आवाज संगणकातून ऐकण्याची सोयच बंद करावी. वर्गात शिक्षक हेडफोन लावून बोलत नाही. ऐकणे आवश्यकच असेल, उदाहरणार्थ पेटीच्या सुरावर गाणे म्हणावयाचे असेल, तर मायक्रोफोन जोडण्याच्या पेटिकेवर थेट ऐकण्याची कळ आहे का ते पाहावे. तशी सोय असल्यास आवाज संगणकात न जाता परस्पर कानी येतो, आणि बफर कितीही मोठा असला तरी बाधत नाही.

आता पाहणाराचा विलंब. पहिलीच्या मुलास ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ ह्यांतील भेद शिकविताना शिक्षिका तोंडाकडे पाहावयास सांगते. कमी ऐकू येणाऱ्या मुलास तर ओठांचाच आधार असतो. ओठ एक सांगत आहेत आणि आवाज दुसरे, अशी स्थिती झाली तर पाठाचा हेतूच फसतो. आवाज चित्राच्या पुढे गेलेला माणसाला लवकर खटकतो, मागे राहिलेला तितका खटकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत ही जाणिवेची मर्यादा आवाज पुढे असताना सुमारे ४५ मिलिसेकंद, तर मागे असताना सुमारे १२५ मिलिसेकंद दिली आहे. दूरचा धोबी कपडा आपटताना आधी दिसतो व मग ऐकू येतो, ह्या नित्याच्या अनुभवाशी हे जुळते.

संगणकास जोडलेला कॅमेरा बहुधा मायक्रोफोनहून मंद असतो. त्यामुळे येथे आवाजच पुढे जातो, आणि विलंब घटविण्याऐवजी आवाजात तो मुद्दाम घालावा लागतो. ओबीएस ह्या विनामूल्य कार्यक्रमात प्रत्येक आवाजापुढे मिलिसेकंदांत आकडा लिहिण्याची सोय त्यासाठीच आहे. आकडा अंदाजाने लिहू नये. कॅमेऱ्यापुढे तळहात नीट दिसतील अशी एक टाळी वाजवावी, मुद्रण थांबवून एकेक चित्र पुढे सरकवीत तळहात मिळाल्याचे चित्र शोधावे, आणि आवाज त्याआधी किती चित्रे आला ते मोजावे. सेकंदास २५ चित्रे असतील तर एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. तीन चित्रांचे अंतर आढळल्यास १२० लिहावे व पुन्हा टाळी वाजवून पाहावी. एका चित्राइतका फरक उरला तर त्याच्या मागे लागू नये.

लांब पाठात शेवटीही एक टाळी वाजवावी. आरंभीचे व शेवटचे अंतर निराळे निघाल्यास कॅमेरा व मायक्रोफोन ह्यांची घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत असे समजावे. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी तासाभरात तो १८० मिलिसेकंदांवर जातो, आणि कोणताही एकच आकडा लिहून तो भरून निघत नाही. अशा वेळी पाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र मुद्रित करावा.