पाण्याच्या टाकीमागे

तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात मी 29 वर्षं मराठी शिकवलं. पोरांनी पोरांना दिलेला त्रास त्या काळात खूप पाहिला आणि त्याहून जास्त माझ्या नजरेतून सुटला. शाळेत पाण्याच्या सिमेंटच्या टाकीमागे एक बोळ होता, स्टाफरूमच्या खिडकीतून न दिसणारा. जे काही चालायचं ते तिथंच. उशिरा का होईना, मला जे कळलं ते लिहिते आहे.

1. भांडण वेगळं, छळ वेगळा.

"पोरापोरांचं आहे, मिटेल आपोआप," असं मी कितीदा म्हटलं असेल याची गणती नाही. सारख्या ताकदीची दोन पोरं भांडली तर ते मिटतंही, संध्याकाळी तीच डबलसीट घरी जाताना दिसतात. पण एकानं रोज मारायचं आणि दुसऱ्यानं रोज सोसायचं, याला भांडण म्हणत नाहीत. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी 1970च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा दिला जातो, आणि सोसणाऱ्याला उलट तोंड देता येत नाही.

सहावीत एक मुलगा होता. दुसऱ्या तासाला बाकाखाली मान घालून भाकरी खायचा. दोनदा पकडला, तिसऱ्यांदा मी त्याला कान धरून उभं केलं. सगळा वर्ग हसला. आठवड्यानं त्याची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, डबा तर रिकामा येतोय, पण पोरगं घरी आलं की भाकरीवर तुटून पडतंय." मग कळलं. मधल्या सुट्टीत त्याचा डबा काढून घ्यायचे, भाकरीची चकती करून टाकीमागे फेकाफेकी चालायची. ती वाचावी म्हणून तो दुसऱ्या तासालाच खाऊन टाकत होता आणि शिक्षा त्यालाच मिळाली होती. माझ्या हातून.

2. मारणाऱ्या पोराचं घर बघून यावं.

डबा हिसकावणारा मुलगा बांध्यानं थोराड होता. तक्रार घेऊन मी त्याच्या घरी गेले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत वडिलांनी त्याच्या कानाखाली वाजवली. माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही ती एक गोष्ट: वडिलांचा हात वर जायच्या आधीच पोरानं डोळे मिटून घेतले होते. त्याला ते पाठ होतं. नंतर तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीमागे त्या लहानग्याच्या कानाखाली वाजवली, अगदी तशीच.

अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग बी.एड.ला शिकले होते. मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बडवतं, ते बघणारी मुलं नंतर त्याच बाहुलीला तसंच बडवतात, तोंडानं शब्दही तेच काढतात. परीक्षेत त्यावर छान उत्तर लिहिलं होतं. समजलं मात्र त्या अंगणात. त्यानंतर मी कधी कुणाच्या घरी तशी तक्रार घेऊन गेले नाही. आधी नुसतं बोलायला जायचे, पोराचं काय चांगलं आहे ते सांगायचे.

3. पण दादागिरी करणारा प्रत्येक पोर आतून दुखावलेलाच असतो, असंही नाही.

हे मला बरीच वर्षं पटत नव्हतं. ओल्व्हेउस यांच्या पाहणीतही अशी बरीच मुलं आतून भित्री किंवा खचलेली आढळली नाहीत. माया कमी, मार जास्त, आणि पोरानं दुसऱ्याला मारलं तर त्याकडे काणाडोळा, अशा घरांकडे त्यांनी बोट दाखवलं होतं. यातला काणाडोळा मी पुष्कळ पाहिला. पालकसभेत एक गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, "मार खाऊन येण्यापेक्षा मारून आलेला बरा. वाघ आहे आमचा." त्यांच्या पोराला कुणी बोटही लावलं नव्हतं. त्याला फक्त हे माहीत होतं की आपण मारलं की बाबा खूश होतात.

4. टोपणनाव कुठून आलं, ते शोधावं.

पाचवीतल्या एका मुलीला सगळे 'गोगलगाय' म्हणायचे. फळ्यावर, बाकावर, तिच्या कंपासपेटीच्या झाकणावर करकटकानं कोरलेलं. मी चौकशी केली, कोण म्हणालं पहिल्यांदा? पोरं गप्प. शेवटी एक जण म्हणाला, "बाई, तुम्हीच."

खरं होतं. ती सावकाश लिहायची, आणि जूनमध्ये कधीतरी मी वैतागून ते बोलून गेले होते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 नं मुलांना मारायला मनाई केली. आमच्या कपाटातली छडी गेली. पण त्याच कलमात मानसिक त्रास देऊ नये असंही लिहिलं आहे, ते स्टाफरूममध्ये कुणी मोठ्यानं वाचलं नाही. बाई ज्याला हसतात त्याला हसायची वर्गाला मुभाच मिळते. त्या मुलीची माफी मी सगळ्या वर्गासमोर मागितली. झाकणावरची अक्षरं मात्र पुसली जाणारी नव्हती.

5. जात पोरं घरून आणतात.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) जब्याचं कुटुंब डुक्कर धरायला धावतं आणि त्याच्याच शाळेतली पोरं बघत हसतात. तो प्रसंग बघून आमच्या स्टाफमधले काही जण म्हणाले, जरा जास्तच दाखवलंय. मला ते जास्त वाटलं नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं हंगाम संपवून मार्च-एप्रिलात वर्गात परतायची, तेव्हा त्यांच्या शेजारचा बाक रिकामा व्हायचा. दहा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या जातीवरून शिवी सुचत नाही, ती त्यानं जेवताना ऐकलेली असते.

6. मुलींचा छळ आवाज करत नाही.

अबोला. डबा खायला गोल करून बसायचं आणि एकीला जागा ठेवायची नाही. अंगावर वळ नाही, त्यामुळे तक्रार काय करणार? पुढे फोन आले, आणि जिला सोडून सगळ्या असतील असा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. मला हे मारापेक्षा कमी वाटत नाही.

7. बघणाऱ्यांकडे बघावं.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी 1996 साली सहावीच्या मुलांचा अभ्यास मांडला. छळात फक्त दोघं नसतात. कुणी मारणाऱ्याला हात धरून देतं, कुणी हसून चेव आणतं, कुणी मान वळवून निघून जातं, एखादा मध्ये पडतो. हे वाचल्यावर मी 'कुणी मारलं?' विचारायचं कमी केलं आणि 'तिथं कोण कोण होतं?' विचारू लागले. मारणाऱ्याला सुधारणं अवघड होतं. हसणाऱ्या सहा जणांतल्या दोघांना वेगळं गाठून बोलणं सोपं होतं, आणि दोघं हसायचे थांबले की खेळातली मजाच जायची. शेवटची काही वर्षं मी माझा डबा टाकीमागे बसून खाल्ला.

8. "हात मिळवा, सॉरी म्हणा" हे करू नये.

समोरासमोर उभं केलं की ज्याला मार बसलाय तो घाबरून 'काही नाही झालं बाई' म्हणतो. दोघांशी वेगवेगळं बोलावं.

9. हजेरीपट वाचावा.

तो भाकरीवाला मुलगा. त्याची आई येऊन गेल्यावर मी वर्गाला रागावले, पंधरा दिवस वर्गात सगळं शांत दिसलं, मी निश्चिंत झाले. मग तो सोमवारी गैरहजर राहू लागला. पुढे सोमवार-मंगळवार. मी रोज हजेरी घेत होते, लाल शाईनं 'गै' लिहीत होते, महिन्याअखेरीस बेरीज करत होते. बेरीज बरोबर यायची. पोटदुखी, ताप, मामाच्या गावी, अशी कारणं सांगायचा, तीही मी मान्य केली. एप्रिलमध्ये त्याचा दाखला काढून नेला. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असा शेरा आहे. अक्षर माझं आहे.