जगातील सर्वांत जुना फुटबॉल संघ

इंग्लंडच्या उत्तर भागात शेफील्ड नावाचे शहर आहे. चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि पोलाद यांकरिता त्याची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. ह्याच शहरात जगातील सर्वांत जुना फुटबॉल संघ जन्मास आला. त्याचे नाव शेफील्ड फुटबॉल क्लब. ह्या संघाच्या दालनात नामांकित चषकांची रांग नाही. त्याच शहरातील दुसऱ्या दोन संघांची नावे लोकांच्या अधिक परिचयाची आहेत. तरीही जेथे जेथे फुटबॉल खेळला जातो, तेथे तेथे ह्या संघाचे थोडेसे ऋण असतेच.

नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे दोघे शेफील्डमधील क्रिकेटपटू. क्रिकेट हा उन्हाळ्याचा खेळ. हिवाळ्यात अंगातील चपळाई टिकावी कशी, असा विचार करून त्यांनी २४ ऑक्टोबर १८५७ रोजी फुटबॉल खेळण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. मंडळाचे वैभव ते काय? बागकामाचे सामान ठेवण्याची एक लहानशी खोली, आणि तिच्यालगतचे शेत!

त्या काळी फुटबॉलचे सर्वमान्य नियम नव्हते. प्रत्येक मोठ्या शाळेची रीत निराळी. कोठे चेंडू हातात घेऊन धावण्यास मुभा असे, तर कोठे प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणे हाही खेळाचाच भाग मानला जाई. अशा खेळाचे भांडणात रूपांतर होण्यास कितीसा वेळ लागणार? क्रेसविक व प्रेस्ट यांनी निरनिराळ्या शाळांच्या नियमांचा अभ्यास केला, आणि १८५८ साली आपल्या संघाचे नियम तयार करून लिहून ठेवले. पाय अडकवून पाडणे व लाथा मारणे ह्या गोष्टींना त्यांनी बंदी घातली. बळाला मर्यादा घातल्याखेरीज खेळ उभा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

नियम झाले, पण खेळावे कोणाशी? दुसरा संघच नव्हता! तेव्हा सभासद आपसांतच दोन बाजू पाडीत. कधी विवाहितांविरुद्ध अविवाहित, असाही सामना होई. पुढे १८६० साली जवळच हॅलम नावाचा संघ निघाला, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी सँडीगेट येथील मैदानावर ह्या दोन संघांचा सामना झाला. शेफील्डने तो दोन गोलांनी जिंकला.

इकडे लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन होऊन तिने आपले वेगळे नियम केले. शेफील्डचा संघ त्या संस्थेचा सभासद झाला; परंतु घरी खेळताना त्याने आपलेच नियम चालू ठेवले. ३१ मार्च १८६६ रोजी लंडनमध्ये लंडनच्या नियमांनुसार दोन्ही शहरांचा सामना झाला, व त्यात शेफील्डचा पराभव झाला. तथापि ह्या सहवासातून दोन्ही पक्ष एकमेकांपासून शिकत गेले. चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर मैदानाच्या कोपऱ्यातून टोला मारण्याची पद्धत, जिला आज सर्वत्र ‘कॉर्नर’ म्हणतात, ती शेफील्डकडूनच लंडनने उचलली. अखेर १८७७ साली शेफील्डने आपले वेगळे नियम सोडले आणि दोघांचे नियम एक झाले. आपले काही द्यावे, दुसऱ्याचे काही घ्यावे, तेव्हाच सर्वांचा असा खेळ निर्माण होतो.

यानंतर संघापुढे खरा कसोटीचा प्रसंग आला. १८८५ साली खेळाडूंना पैसे देण्यास इंग्लंडमध्ये अधिकृत परवानगी मिळाली. शेफील्डमधील वेन्झडे हा संघ १८८७ मध्ये धंदेवाईक झाला. १८८९ मध्ये युनायटेड हा नवा संघ निघाला. शेफील्ड क्लबने मात्र हौशी राहण्याचेच ठरविले. ह्या निश्चयाची किंमत त्याला मोजावी लागली. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून खेळणाऱ्यांचा, खेळ हाच व्यवसाय असणाऱ्यांपुढे टिकाव लागेना. तेव्हा केवळ हौशी संघांसाठी निराळी स्पर्धा असावी, अशी सूचना ह्या संघाने केली. ती स्पर्धा १८९३ साली सुरू झाली, आणि १९०४ साली ईलिंगच्या संघाला ३-१ असे हरवून शेफील्डने तिचा चषक पटकाविला.

पुढे काळ पालटला. १९७४ साली हौशी व धंदेवाईक हा अधिकृत भेदच इंग्लंडमध्ये नाहीसा झाला. शेफील्ड क्लबही अर्धव्यावसायिक झाला. म्हणजे खेळाडूंनी नोकरीधंदा करावा, आणि खेळाबद्दल अल्पसा मोबदला घ्यावा. इतक्या जुन्या संघाला स्वतःच्या मालकीचे मैदान मात्र २००१ साली, शेजारच्या ड्रॉनफील्ड गावी, प्रथमच मिळाले. २००४ साली फुटबॉलच्या जागतिक संस्थेने त्याला आपला मानाचा पुरस्कार दिला. हा मान लाभलेला दुसरा संघ म्हणजे स्पेनचा बलाढ्य रेआल माद्रिद. २००७ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा इटलीचा प्रख्यात इंटर मिलान संघ शेफील्डमध्ये येऊन खेळला आणि थोर खेळाडू पेले त्या सोहळ्यास उपस्थित राहिले.

तथापि मानाने तिजोरी भरत नाही. २०११ साली संघाच्या विकासासाठी द्रव्य हवे होते, म्हणून १८५८ च्या हस्तलिखित नियमांसह जुनी कागदपत्रे लिलावात काढावी लागली. त्यांना ८,८१,२५० पौंड किंमत आली. पूर्वजांचा ठेवा विकताना कोणास वाईट वाटणार नाही? परंतु कागद जपावे की खेळ, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा संघाने खेळ निवडला. ते कागद दुसऱ्याच्या घरी गेले. त्यांतील विचार मात्र केव्हाच मैदानामैदानांवर पोहोचला होता. प्रतिपक्षाला न पाडता चेंडू मिळविणारा प्रत्येक खेळाडू तो विचार आजही पाळीत असतो.

स्वाध्याय

१. क्रेसविक व प्रेस्ट यांना खेळाचे नियम लिहून ठेवण्याची आवश्यकता का वाटली?
२. ‘हौशी’ व ‘धंदेवाईक’ खेळाडू यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
३. जुनी कागदपत्रे विकण्याचा संघाचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? सकारण लिहा.