अम्ल, ध्वनि आणि रासायनिक क्रियेचा वेग

गिरगांवांतील घरोघरीं साखरेचा पाक करितांना सुगरण त्यांत लिंबाच्या रसाचे चार थेंब पिळते. कारण विचारिलें तर पाकाची पुन्हां साखर होऊं नये म्हणून, असें उत्तर मिळतें. तें अगदीं खरें आहे. अम्लाच्या सान्निध्यांत साखरेच्या रेणूचे पाण्याच्या योगानें दोन भाग होतात, एक द्राक्षशर्करा व दुसरी फलशर्करा. आणि या मिश्रणाचे स्फटिक सहजासहजीं बनत नाहींत. अम्ल नसतें तरीहि ही क्रिया घडली असती, पण इतकी सावकाश कीं पाक करणारीला तिचा फारसा उपयोग झाला नसता. शिवाय क्रियेंत अम्ल खर्ची पडत नाहीं. अशा पदार्थास आपण उत्प्रेरक म्हणतों. सह्याद्रि ओलांडण्यास कळसूबाईच्या माथ्यावर चढावें लागत नाहीं, बोरघाटांतून जातां येतें. उत्प्रेरक रेणूंना असाच कमी चढणीचा मार्ग खुला करून देतो. १८५० सालीं विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानें ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्यानें याच साखरेच्या क्रियेचा वेग मोजला, आणि क्रियावेगाच्या गणितास तेथून आरंभ झाला.

आतां ध्वनीकडे वळूं. सेकंदास सुमारें २०,००० हून अधिक कंपनें झालीं कीं तो ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. असा जोरदार ध्वनि द्रवांत सोडिला असतां असंख्य सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात, फुगतात आणि क्षणार्धांत चेपून जातात. त्या वेळीं बुडबुड्याच्या पोटांत कित्येक हजार अंश उष्णता निर्माण होते. मात्र बुडबुडा इतका लहान व क्षण इतका अल्प कीं सभोंवारचा द्रव कोमटच राहूं शकतो. या ध्वनीनें कांहीं क्रिया त्वरेनें होतात, हें अमेरिकेंत रिचर्ड्स व लूमिस यांनीं १९२७ सालीं दाखविलें. म्हणून ध्वनीसहि कोणी उत्प्रेरक म्हणेल; आम्हांस तें मान्य नाहीं. उत्प्रेरक ऊर्जा पुरवीत नाहीं, ध्वनि ती सारखी ओतीत असतो.

दोहोंची सांगड कशी पडते, तें पाहण्यास आम्हां गिरगांवकरांना माटुंग्यापलीकडे जावयास नको. १९३३ सालीं स्थापन झालेला मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे हल्लींची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, तेथें आहे. तेथील प्रा. अनिरुद्ध पंडित व प्रा. पराग गोगटे यांनीं सहकाऱ्यांसह मेदाम्लें व मिथेनॉल यांपासून डिझेलसारखें इंधन करण्याच्या क्रियेचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध केला. उत्प्रेरक होतें गंधकाम्ल. मेदाम्ल व मिथेनॉल एकमेकांत नीट मिसळत नाहींत; रेणूंची गांठच पडली नाहीं तर अम्ल तरी काय करणार? चेपणाऱ्या बुडबुड्यांनीं दोन्ही द्रव बारीक कणांनीं एकमेकांत घुसळले जातात. त्यामुळें नेहमींच्या उष्णमानांत, तीन तासांच्या आंत, शेंकडा ९० हून अधिक क्रिया पूर्ण झाली.

अडचण राहते ती शेवटीं. गंधकाम्ल खर्ची पडत नाहीं, म्हणूनच तें मागें उरतें. तें क्षारानें मारावें लागतें आणि दूषित पाणी सांचतें. यावर त्याच संस्थेंतील प्रा. गणपति यादव यांनीं घनरूप अम्लें तयार केलीं. तीं काम झाल्यावर गाळून काढतां येतात व पुन्हां वापरतां येतात. ‘यूडीकॅट’ हें त्यांचें नांव त्या जुन्या विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेविलें आहे.